गोलकीपर एकच असतो, मास्तर

प्रिय मास्तर,

क्लबच्या पहिल्या सामन्याची स्मरणिका निघतेय. तिच्यात तुमच्यावर दहा ओळींची श्रद्धांजली मी लिहावी, असा मालकांचा हुकूम आहे. "जरा भावुक लिहा, सर," असंही सांगून झालंय. मी भावुक नाही, संतापलोय. म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात मी दवाखान्यात येऊन बातमी दिली होती. तुम्ही उभ्या केलेल्या फुटबॉल क्लबला मालक मिळाले, आता पोरांना खेळायचा पगार मिळणार! तुम्ही एवढंच विचारलंत, "बाहेरचे हायत का?" मी छाती फुगवून म्हणालो, "छे! सगळे सोलापूरचे. आपलीच माणसं." तुम्ही समाधानानं हसलात. ते हसू आता टोचतं.

आपलीच माणसं, मास्तर! सात जण. टॉवेलवाले शेठ, दोन बिल्डर, एक डॉक्टर, साखर कारखान्याचे एक माजी संचालक. उरलेले दोघं काय करतात ते विचारायचं नसतं. सातांच्या सात जाहिराती जर्सीवर छापल्यात. नंबराला जागा उरली नाही, म्हणून तो चड्डीवर गेलाय.

इथवर मी हसत होतो. परवा संघनिवडीची बैठक झाली. निवड समितीचा अध्यक्ष मी. शेठ म्हणाले, "सर, अकरातली एकेक जागा एकेका मालकाची. राहिलेल्या चार तुमच्या. चार म्हणजे लई झाल्या की ओ!"

"आणि खेळणार कोण?"

"आपला क्लब, मग आपला माणूस मैदानात नको व्हय? पाव्हणे काय माझं टक्कल बघायला येणारेत?"

गोलकीपर डॉक्टरांचा भाचा. चेंडू आला की तो डोळे मिटतो. मी तसं बोललो, तर डॉक्टर म्हणाले, "सवय होईल हळूहळू. जरा प्रेमानं घ्या."

आणि त्याच्यासाठी बाहेर कोण? आपला सीनू! तुमच्या हाताखाली वाढलेला, चादरीच्या कारखान्यात माग चालवून सरावाला येणारा सीनू. "त्याला पुढं खेळवा की, काय बिघडलं?" शेठ म्हणाले. जसं काही गोल अडवणारा माणूस कुठंही उभा केला की झालं! करारात लिहिलंय, खेळला तरच पगार. आणि क्लबच्या भरवशावर त्यानं माग सोडलाय. सोडायला कोणी लावला? मी! त्याचे वडील हात जोडून म्हणाले होते, "वद्दु सर, नको, पोराचं चालू काम हाय. सोडाय नका लावू." मी त्यांनाच उलट खेळाचं भवितव्य समजावलं, वर पगाराचा शब्द दिला.

बैठकीत मी काय केलं, विचारा ना! चहा प्यालो आणि "बघू" म्हणालो.

जिल्ह्याच्या सामन्यात तुम्ही पोटच्या पोराला बाहेर बसवलं होतं. "पाय चालंना त्याचा. घरचा हाय म्हणून खेळवू व्हय?" काकूंनी दोन दिवस तुमच्यापुढं नुसती कडक भाकरी आपटली. मला तुम्ही तेव्हा दगडाच्या काळजाचे वाटलात. माफ करा. पण एक तक्रार आहे. सरळ वागणं तुम्ही आम्हाला दाखवलंत, त्यासाठी घरात केवढं भांडलात ते कधी दाखवलं नाहीत. आम्हाला वाटलं, ते फुकट मिळतं.

यादी समोर आहे. खाली माझ्या सहीची रेघ.

मी सही करणार नाही, मास्तर. उद्या सकाळी शेठच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, यादी परत देईन आणि कारण मोठ्यानं सांगेन. तिथून सीनूच्या घरी. त्याच्या वडिलांना सांगेन की शब्द मालकांनी दिला नव्हता, मी दिला होता. ते शिव्या देतील. तेलुगूत दिल्या तरी मला कळतील. त्या संपेपर्यंत मी तिथून उठणार नाही, एवढं वचन देतो.

तुमचा, नेहमीच उशिरा पोचणारा लेफ्ट बॅक,
दिगंबर