शिपायांच्या गालावरची तीट

उमापूर

ऋते,

तू रंगवलेल्या स्कॉटलंडच्या शिपायांच्या बोटभर पुतळ्यांना पुण्याच्या प्रदर्शनात पयला नंबर भेटला, हे फोनवर ऐकून मी गोठ्यात नाचले बग! म्हशी बिचकल्या.

तू म्हणलीस, "आई, जुन्या काळचे शिपाई काडतूस दातानं फोडायचे, बंदुकीची काळी दारू गालाला लागायची. परीक्षकांना तेच डाग लई आवडले. पर मी ते कवा रंगवले, आठवतच न्हाई."

मी म्हशी बांधायचं निमित्त करून फोन ठेवला.

अगं, त्यांच्या चौकड्याच्या घागऱ्याची रेघ न् रेघ तू पुस्तकात बघून काढलीस. इतकी देखणी पोरं परगावी निघाली, दृष्ट लागंल म्हणून तू अंघोळीला गेल्यावर मीच काडीनं काजळाची तीट लावली.

हे पत्र काय पेटीत टाकत न्हाई. तू आता गालाला हात लावू देत न्हाईस, म्हणून त्यांना लावली.

तुझी न् तुझ्या फौजेची बी,
आई