जिभेखालची गोळी

१० ऑक्टोबर २०११, सोमवार. संग्रामपूर

आज सकाळी दोघीजणी येऊन परत गेल्या. केंद्र बंद होतं म्हणे. बंद कसलं — आम्ही दहाला उघडतो, त्या उजाडायच्या आत आल्या होत्या. त्या वेळी कोण येतं? कापूस वेचायला निघालेली बाई येते. एवढं कळायला आम्हाला वेचणी सुरू व्हावी लागली!

बिलाल म्हणाला, तुझ्या बायांना घड्याळं घेऊन दे. मला हसू आलं नाही. तो गोळ्यांचं बघतो, मी बोलण्याचं. दोघांचा हा पहिलाच अभ्यास, आणि ज्यांचा अभ्यास ते सर नागपुरात. सलग तीन दिवस चुकले की नाव कमी करायचं, नाव कमी झालं की औषध बंद — हा नियम वाचताना किती साधा वाटला होता.

१२ ऑक्टोबर

झोप नाही. जे माहीत आहे ते सरळ लिहून काढते, म्हणजे डोकं थांबेल.

बीटी कापसाची बोंडं एकदम फुटतात. पूर्वी वेचे लांबत लांबत संक्रांतीपुढे जायचे म्हणतात. आता सगळं शिवार एकाच वेळी पांढरं, आणि प्रत्येकाला बाया आजच पाहिजेत. मजुरी किलोवर. कंबर काही किलोवर चालत नाही, म्हणून ठेकेदार चहाबरोबर दुखण्याची गोळी देतो. आधी एक. मग सकाळ-संध्याकाळ. मग नाही घेतली तर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं फुटल्यासारखं अंग. बाया तिला कमरेची गोळी म्हणतात. 'नशा' हा शब्द माझ्या तोंडून ऐकला तेव्हा कोकिळा केवढी रागावली होती! "नशा मानसं करतेत, म्याडम. आमी काम करतो."

ती सवय सोडवायला आमची दुसरी गोळी आहे, जिभेखाली विरघळू द्यायची. पण ती सगळ्यांना नाही. चिठ्ठीनं ठरतं — अर्ध्या जणींना गोळी, अर्ध्या जणींना नुसतं माझं बोलणं, दर आठवड्याला. शेवटी दोन्हीकडचा फरक मोजायचा.

कोकिळा आणि पुष्पांजली सख्ख्या जावा. पाकिटं मीच फोडली. थोरलीला गोळी निघाली, धाकटीला बोलणं. पुष्पांजली तेव्हा हसून म्हणाली होती, "घ्या! बाईले औषध अन् मले भाषण." आम्ही सगळेच हसलो होतो.

१९ ऑक्टोबर

सरांना फोन केला. करण्यापूर्वी काय बोलायचं ते तीनदा घोकलं आणि फोनवर सगळं उलटसुलट झालं. पण मागितलं ते मिळालं! वेचणी संपेपर्यंत गोळीवाल्यांना आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायची मुभा. सर म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर हं." मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. हे धाडस की उतावीळपणा, ते मला अजून ठरवता येत नाही.

३० ऑक्टोबर, रविवार. नांदुरा

घरी. जिनिंग गिरणीचा हंगाम सुरू झाला, अंगणात कापसाच्या तुसाचा थर. लहानपणी याच तुसानं माझा दमा उठायचा, शाळा जमायची नाही. मग फुफींनीच, म्हणजे आत्यांनीच, शिकवलं, चौथीपर्यंत, स्वयंपाक करता करता. नूरजहां फुफी संध्याकाळी कधी विचारायच्या नाहीत की आज काय शिकलीस. विचारायच्या, आज क्या समझ में नहीं आया? आणि 'सगळं समजलं' असं म्हटलं की रोटी उशिरा मिळायची!

आजही विचारलं. म्हटलं, सगळं ठीक चाललंय फुफी. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बडी हो गई.

८ नोव्हेंबर

ईद झाली, काल रात्रीच्या गाडीनं परत. आज पुष्पांजलीची चौथी तपासणी — लघवीची पट्टी स्वच्छ! ठेकेदाराची गोळी तिनं जवळजवळ तीन आठवडे तोंडात घातलेली नाही. माझ्याच गटातल्या अन्नपूर्णाबाईंचीही तशीच. माझ्या बोलण्यावाल्या जवळजवळ सगळ्या सावरल्या आहेत. मी काय बोलते तरी काय? दुखणं लपवू नका, एकमेकींना धरून राहा, जड झालं तर दोघींत वाटून घ्या. एवढंच तर!

कोकिळाचं मात्र मनासारखं नाही. पट्टी स्वच्छ, पण सारख्या जांभया, रात्री पाय खेचतात. औषधवाल्या इतर बऱ्याच जणींचं तेच. बिलाल म्हणतो, गोळी हलकी पडते, वाढवू या असं कळवतो.

१४ नोव्हेंबर

सरांचा फोन. आपणहून!

दोन्ही गटांत फरकच नाही म्हणाले. "मदिहा, तुझं बोलणं औषधाइतकंच चालतंय. हे कोणी दाखवलं नव्हतं." त्याच निष्कर्षावर लेख लिहायचा, माझं नाव पहिलं. बोलण्यानं भागत असेल तर गोळी पुढे मागायची गरज नाही, डिसेंबरअखेर ती थांबवू, ठिकठिकाणी माझ्यासारख्या मुली नेमू.

माझं नाव पहिलं. हे वाक्य मी परत लिहिते — माझं नाव पहिलं.

पण एक अडतंय. जिला औषध मिळतं तिचं अंग दुखतं, आणि जिला नुसते शब्द मिळतात ती खडखडीत. आज काय समजलं नाही? हे समजलं नाही.

१७ नोव्हेंबर

टुनकीकडच्या शेतात गेले होते. कोकिळाला बघायला म्हणून, कोणाला न सांगता.

दुपारच्या भाकरीला बाया बांधावर बसल्या होत्या. मला बघून जागा केली, ठेचा पुढे केला. मग कोकिळानं पदराच्या गाठीतून गोळी काढली, दातानं तोडली, अर्धी जिभेखाली ठेवली. अर्धी पुष्पांजलीच्या हातावर. माझ्यासमोर! लपवलं नाही, दचकली नाही. मिठाचा खडा द्यावा तशी दिली.

 गोळी विरेपर्यंत तोंड मिटून दोघी माझ्याकडे बघत बसलेल्या. ती दोन-चार मिनिटं मी विसरणार नाही.

नंतर विचारलं, केव्हापासून? कोकिळानं सरळ सांगितलं, गोळ्या घरी नेऊ लागलो त्या दिवसापासून. मी म्हटलं, तुमची गोळी तुमच्यापुरती होती, हे चालत नाही. तिला खरंच कळेना. "एका चुलीवर एक जेवन अन् एक उपाशी राहीन का, म्याडम? थे रात्रभर कन्हे, मी कशी झोपू?" मग जरा रागानं, "अन् तुमीच तं सांगतलं, जड झालं तं दोघीत वाटून घ्या!"

पुष्पांजली खाली बघून भाकरी मोडत होती. म्हणाली, "भाषन चांगलं असते तुमचं. पन पाय दुखाचं त्यानं नाई थांबत."

परतताना बसमध्ये रडू आलं. लाज वाटायची खरी गोष्ट लिहिते — पहिला विचार त्या दोघींचा आला नाही. लेखाचा आला.

१८ नोव्हेंबर

आमची पट्टी ठेकेदाराचीच गोळी पकडते, आमची स्वतःची तिला दिसत नाही. म्हणून पुष्पांजली स्वच्छ. आणि कोकिळा अर्ध्यावर, म्हणून तिच्या जांभया. एवढं साधं होतं.

बिलालला सांगितलं. त्यानं आधी वही उघडली, कारण गोळ्या तोच मोजून देतो. मग म्हणाला, दोघींची नावं काढून टाकू, बाकीचं राहू दे. म्हटलं, बाकीच्यांच्या घरी चूल नाही का रे? अन्नपूर्णाबाईंच्या सुनेला गोळी निघाली आहे. शेजारणी आहेत, मायलेकी आहेत. एकाच घरात दोन चिठ्ठ्या टाकताना आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही! हॉस्टेलवर राहून शिकलेली माणसं आपण.

तो म्हणाला, "हॉस्टेलवर तर मी साबणसुद्धा वाटून वापरला बे." आणि दोघंही उगाच हसलो.

१९ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. सगळं, शेतासकट, माझ्या 'वाटून घ्या'सकट. शेवटपर्यंत न थांबता बोलले.

 सर म्हणाले, एका जोडीनं अभ्यास बुडत नाही, दोघींना वगळ. मी म्हटलं, सर, एकच जोडी असेल असं वाटत नाही. ते म्हणाले, हे औषध असं वाटलं गेलं तर घरी न्यायची मुभा मला बंदच करावी लागेल, सगळ्यांची, त्याच दिवशी. ऐन वेचणीत. मग त्या पुन्हा ठेकेदाराच्या चहाकडे जातील, तुला चालेल? आणि आवाज खाली आणून, "म्हणून सांगतो, फार विचारत बसू नकोस."

वाईट माणूस नाहीत. बायांच्याच काळजीनं बोलले, असं मला अजूनही वाटतं. पण न विचारता तो लेख गेला तर डिसेंबरनंतर गोळी आहे कुठे? 'बोलण्यानं भागतं' असं एकदा छापून आलं की पुढच्या पुष्पांजलीला तेच मिळेल. भाषण.

विचारणार. सरांनाही तसं कळवलं.

२० नोव्हेंबर, रविवार

घरी गेले नाही. फुफींना तोंड दाखवायची हिंमत काम झाल्यावर.

२३ नोव्हेंबर

तीन दिवस घरोघर. एकेकीला बाजूला घेऊन, हळू, दार लोटून — शिकवलंय तसं. सगळ्यांचं उत्तर एक. नाही. आम्ही नाही देत. आम्ही नाही घेत. अन्नपूर्णाबाई तर म्हणाल्या, सुनेची वस्तू मी कशाला तोंडात घालू, आमचं पटत नाही! सून आतून ऐकत होती, तिला हसू आवरलं नाही.

मी जायच्या आधी माझी बातमी गावात पोचलेली असते — म्याडम विचारते, हो म्हटलं तर गोळी बंद. खोटं आहे का ते? नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

बिलाल म्हणतो, झालं ना समाधान? विचारलंस, नाही म्हणाल्या, संपलं. संपलं नाही. कागदावर 'नाही' लिहिताना पेन जड होतो.

२४ नोव्हेंबर

दुसरी वाट सुचली. घरी न्यायची मुभा गेली तर आपण जायचं. वेचणीला निघायच्या आधी गावाच्या समाजमंदिरात बसायचं, गोळी समोर द्यायची, विरेपर्यंत थांबायचं. रोज. बिलालला म्हटलं, तर त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "मोटारसायकल माझी. उठवायला तू ये, पहाटे तर मी अम्मीचा फोनही उचलत नाही."

सरांनी होकार दिलेला नाही. नकारही नाही. लेखी पाठवा म्हणाले. पाठवलं.

२५ नोव्हेंबर

आज कोणाला बाजूला घेतलं नाही. बांधावर भाकरीच्या वेळी सगळ्यांसमोर उभी राहिले. हात ओढणीत लपवले.

नागपूरला काय लिहून जाणार आहे ते सांगितलं — बाया नुसत्या बोलण्यानं बऱ्या होतात, गोळीची गरज नाही. सांगितलं की खरं बोललात तर घरी न्यायची गोळी बंद होऊ शकते, आणि गप्प राहिलात तर डिसेंबरनंतर गोळीच नाही. पहाटे गावात यायचं आम्ही मागितलंय, पण मिळेलच असं वचन माझ्याजवळ नाही. जे लिहीन ते तुमच्याच तोंडचं लिहीन. नाही म्हणालात तर 'नाही' असंच लिहीन.

 एक म्हातारी तेवढी म्हणाली, "या पोरीले पानी द्या व, पडन थे."

ठेकेदार लांबून ओरडला, बाया उठल्या. पुष्पांजली कापसाची ओटी बांधत जवळून गेली, थांबली नाही.

२६ नोव्हेंबर

केंद्रात दिवसभर कोणी नाही. बोलण्याच्या दिवशीसुद्धा नाही! बिलालनं दोनदा चहा आणला. सरांना पाठवायचा अहवाल अर्धा लिहून ठेवला — निष्कर्षाची जागा कोरी.

खोटं लिहिणार नाही. पण खरं माझ्याजवळ नाही. सोमवारी एवढंच लिहून पाठवायचं आणि लेखावरचं नाव काढून घ्यायचं. नोकरी जाईल, जाऊ दे. ठरलं.

२८ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे दार वाजलं. केंद्रासमोर बाया बसलेल्या, वेचणीचा दिवस बुडवून. कोकिळा, पुष्पांजली, अन्नपूर्णाबाई सुनेला खेटून. गोळीवाल्या आणि बोलण्यावाल्या, सगळ्या.

मी विचारलं, घरोघर आले तेव्हा का नाही सांगितलं? पुष्पांजली म्हणाली, "तवा तुमी एकएकीले विचारलं. एकटी कशी सांगन, ताई? थे दोघीचं होतं ना."

बिलालला हाक मारली. नावं लिहायला बसलो. एकही जण एकटी आली नव्हती.