बेंझीनशिवाय

प्रिय दादा,

तुमच्या कंपनीचं पत्र मिळालं. खाली तुझी सही आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या ऐवजी ठोकायचास ना, तशीच वळणदार. त्या पत्राचं उत्तर आमच्या वकीलबाई रीतसर पाठवतील. ते एका शब्दाचं आहे: नाही. सोमवारच्या बैठकीत तेच मी तुझ्या तोंडावर सांगेन. हे पत्र मात्र माझं, हाताने लिहिलेलं. फाडायचं असेल तर वाचून फाड.

परवा फोनवर तू म्हणालास, "भिंगरे, जंतू पाळून कुणाचे कारखाने चाललेत का?" मी हसण्यावारी नेलं, पण आता ऐकूनच घे. शेजारच्या कागद गिरणीत लाकूड शिजवतात. लगदा गिरणीत राहतो आणि उरतं ते काळं, डांबरासारखं पाणी. लाकडाला घट्ट धरून ठेवणारा भाग त्यातच असतो. गिरणी ते जाळते. आम्ही त्यातलं थोडं मागून आणतो, तो भाग फोडून बारीक करतो आणि जंतूंना खायला घालतो. एरवी त्यांनी तो पार पचवला असता. आम्ही त्यांच्या पचनातली एक पायरी बंद केली आहे, म्हणून ते मध्येच थांबतात आणि म्युकॉनिक आम्ल बाहेर टाकतात. त्याला हायड्रोजन जोडला, की तुझ्या प्लांटमध्ये निघतं तेच आम्ल हातात येतं, ज्याचा पुढे नायलॉन होतो. अगदी तेच. तुझ्या तपासणीच्या यंत्राला दोन्ही दिलीस तर कुठलं कुणाचं ते सांगता येणार नाही. फरक एवढाच, की तुम्ही खनिज तेलातून निघणाऱ्या बेंझीनपासून सुरुवात करता आणि आम्ही गिरणीच्या टाकाऊ पाण्यापासून.

सहज झालं असं समजू नकोस. दोन वर्षं आमचे स्फटिक पिवळेच निघाले. आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी, साठीला टेकलेल्या, जिभेला हाड नाही, रोज भांड्यात डोकावून म्हणायच्या, "बाई, हे आम्ल आहे की गंजक्या नळाचं पाणी?" एका मंगळवारी सकाळी आम्ही जंतूंच्या टाकीतला द्रव कोळशाच्या भुकटीतून दोनदा गाळला, बर्फात ठेवला आणि वरून थेंब थेंब दुसरं तीव्र आम्ल सोडत राहिलो, माझं मनगट ताठ होईपर्यंत. तळाशी पांढरं काही जमायला लागलं. मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा भांड्यात डोकावल्या. पुढे त्याचाच नायलॉन करून धागा ओढला, तेव्हा त्यांनी तो भिंतीवरच्या खिळ्याला बांधला आणि आपली पिशवी लटकवली, डबा, छत्री, सगळ्यासकट. धागा तुटला नाही. खिळा निघाला.

आणि मग तुमचं पत्र. आमचे जंतू तुम्ही विकत घेणार आणि त्यांची "सुरक्षित साठवण" करणार. दादा, मला भाषा कळते. शीतकपाटात घालून कुलूप लावणार, एवढाच त्याचा अर्थ. आमची टाकी आठवडाभर राबून जेवढं देते, तेवढं तुमचा प्लांट चहा निवेपर्यंत देतो. मान्य. मग एवढ्याशा गोष्टीला कुलूप लावायची घाई कशाला?

म्युकॉनिक हा शब्द मी पहिल्यांदा कुठे वाचला, हे तुला कधी सांगितलं नाही. नववीत होते. बाबांचा सदरा धुवायला टाकताना खिशात तुमच्या याच कारखान्याच्या दवाखान्यातला कागद सापडला. लघवीची तपासणी. म्युकॉनिक आम्ल, प्रमाण जास्त. डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर पीत जा. बाबा पीत गेले, बिचारे, तांब्याने. मी शाळेच्या रसायनाच्या बाईंना विचारलं, त्यांनी दोन दिवस पुस्तकं उलटीपालटी केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं: श्वासातून बेंझीन आत गेलं, की शरीर ते मोडतं, आणि मोडताना हे आम्ल बनवून बाहेर टाकतं. आमचे जंतू बनवतात त्याचंच भावंड, फक्त बांधा जरा वेगळा. म्हणजे बाबा पंधरा वर्षं बेंझीनच्या ज्या विभागात उभे होते, तो विभाग त्यांच्या आत शिरला होता. मी धावत तुझ्याकडे आले. तू नुकताच तिथे लागला होतास. तू म्हणालास, "बाहेर बोलू नकोस, बाबांची नोकरी जाईल." मी गप्प बसले. चार वर्षांनी त्यांचं रक्त बनायचंच थांबलं, आणि ते गेले. तुला दोष देत नाही रे, तू तरी केवढा होतास. पण मी गप्प बसले ते तेवढंच. त्यानंतर बसलेले नाही, आणि बसणारही नाही.

तर आता खरं कारण. गुरुवारी वहिनीचा फोन आला. दात घासताना तुझ्या हिरड्यांतून रक्त येतं, दंडावर न लागता काळेनिळे डाग उठतात, आणि कपाटात तुझ्या शर्टांच्या घडीखाली तिला बाबांच्या खिशातल्यासारखाच एक कागद सापडला. तिने तो मला अडखळत, अक्षर लावत वाचून दाखवला आणि विचारलं, "हे काय असतं गं?" मी तिला सगळं सांगितलं. तू चिडशील म्हणून लपवायचं, असं होणार नाही आता. कारखान्याच्या डॉक्टरांकडे जायचं नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रक्ताच्या डॉक्टरीणबाईंची बुधवारची सकाळी दहाची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. सोमवारी बैठकीत माझ्यावर हवा तेवढा ओरड, मीही ओरडेन, ऐकून घेणार नाही. पण बुधवारी साडेनऊला मी तुझ्या दारात उभी असेन, आणि तू चप्पल घालेपर्यंत हलणार नाही.

तुझीच, तुझ्याइतकीच हट्टी,
भिंगरी