ह्यांच्या पेटीतला वास

कुंडल, ता. २ जुलै १९४५
ह्यांची पेटी पलटणीकडून येऊन वर्ष झालं. माणूस ब्रह्मदेशातच राहिला. पेटी मिरजेपर्यंत रेल्वेनं आली, नीट. लाकडावर तांबडं चामडं, आत दौतीचा खण, हिरव्या बनातीचं अस्तर. कुणा गोऱ्या साहेबानं जाताना दिलेली. मी दोनदाच उघडली. आत ह्यांचा वास आहे. तंबाखू, शाई, घाम. उघडलं की थोडा जातो. म्हणून बंद झाकणावर वही ठेवून लिहिते.

ता. ९
लीला विचारत होती, आबा कसे होते. हे पलटणीत गेले तेव्हा ती पाळण्यात. फोटो नाही. म्हटलं, दसऱ्याला तुला शाळेत घालीन, त्या दिवशी पेटी उघडू. वास तेवढा देता येईल. दुसरं काय आहे?

ता. ४ ऑगस्ट
चामड्याला बुरशी. सखाराम चांभाराला दाखवली. "उघडून उन्हात ठिवा वैनी, न्हाईतर आतनं सडंल." ठेवली तर वास जाणार, नाही ठेवली तर पेटी. वरून नुसती पुसली.

ता. २७
आई आजारी म्हणून लीलाला घेऊन लोणंदला गेले होते. काल परत. किल्ली जाऊबाईंकडे होती. त्या म्हणाल्या, "तुजी पेटी वाचिवली बग. दोन दिस उन्हात उघडी ठिवली, मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. आता कसर लागत न्हाई." गोळ्या मुद्दाम सांगलीहून मागवलेल्या. चांगलं केलंत म्हटलं. मग न्हाणीत जाऊन बसले.

ता. ३ सप्टेंबर
गोळ्या काढल्या. हुंगलं तर नुसतं डांबर. सखारामला विचारलं, पहिला वास परत येईल का. त्यानं पेटी हुंगली. माझ्याकडं बघितलं नाही. "चामडं हाय वैनी, लय दिस धरून ठिवतं." कुठला वास ते बोलला नाही.

दसरा
लीला विसरली नव्हती. पाटी पुजली, पेटी उघडली. तिनं डोळे मिटून खणात नाक घातलं. बराच वेळ.
"आई, आबांचा वास लय चांगला हाय गं."
कोपऱ्यात एक गोळी राहून गेलेली. ती लीलानं उचलून मुठीत धरली.
सांगायला हवं होतं. जेवताना सांगेन म्हटलं. मग पानं उचलल्यावर. आता ती अंगणात आहे. शेजारच्या पोरींना एकेकीला मूठ उघडून हुंगायला देते. माझे आबा, म्हणते.