एक वावर कमी

सौंसर,
दि. १६ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. इंदूस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जावईबापूंचा खोकला उतरला, हे वाचून बरे वाटले. इकडे थंडीने तुझ्या आईचे गुडघे पुन्हा धरले आहेत. मोहगावच्या बाजूला संत्र्याची तोड सुरू झाल्यामुळे नागपूरच्या बसमध्ये माणसांपेक्षा करंड्याच अधिक; म्हणून माझ्या विनिबंधाची तपासलेली मुद्रिते टपालानेच परत पाठवीत आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर खुणा केल्या आहेत.

'विनिबंध' हा शब्द कोणाला कळणार नाही, तेव्हा मुखपृष्ठावर 'पुस्तिका' छापावे, असे मुद्रक म्हणतात. त्यांना माझ्या वतीने नम्रपणे सांग, की पुस्तिका म्हटल्याने केवळ आकार कळतो. इंग्रजीत ज्याला मोनोग्राफ म्हणतात, तो विनिबंध. विषय एकच घ्यायचा आणि त्याची सीमा आखायची. मात्र त्या सीमेच्या आत जे जे आहे, ते सर्व तपासून सांगायचे. लेखात एखादी बाजू मांडून थांबता येते. विनिबंधाला ती सवलत नाही. आपल्या बोरगावच्या शिवारातील वावरांची नावे, एवढाच माझा विषय. मोहगावची कित्येक नावे मला ठाऊक आहेत. त्यांतले एकही घेतलेले नाही.

बोरगावच्या नत्थूजींना हे समजावले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, आमी वावर वाहतो अन् तुमी वावराचं नाव वाहता. मेहनत सारखीच, पीक मात्र आमालेच येते." मी हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो.

आता तुझा दुसरा प्रश्न. ओढ्याकाठच्या आपल्या वावराची नोंद 'चिंचेचे वावर' अशी का, आजचे नाव का नाही, असे तू विचारले होतेस. एका पिढीहून कमी वयाचे नाव रूढ मानता येत नाही, असे मी कळवले. त्यावर तू लिहिलेस, की मग नत्थूजींचे 'रेडिओचे वावर' कसे चालले? मचाणावर रेडिओ लावायला ते लागले, ते तर तुझ्या लग्नानंतर. तुझी हरकत योग्य आहे.

परवा तुझ्या आईने मला सगळी नावे मोठ्याने वाचायला लावली. ती गहू निवडत होती. 'चिंचेचे' ऐकून तिचा हात थांबला.

"ते नाव आता कोण घेते?"

जुने आहे, कागदावर असू द्यावे, असे मी म्हणालो.

"सारं गाव 'मनोहरचं वावर' म्हनून राहिलं. निंदनाच्या बाया बी तसंच म्हनतात. माह्या पोराचं नाव गावानं ठेवलं, अन् तुमी बाप होऊन काढून राहिले."

तेव्हापासून ती ताट वाढते, पण बोलत नाही.

इंदू, मी ते नाव लिहायला बसलोच नाही, असे नाही. प्रत्येक नावाखाली ते पडण्याचे कारण द्यावे लागते. शिवारातील सगळ्या वावरांची कारणे मी लिहिली. कुठे साप निघाला, कुठे भावाभावांचे भांडण झाले. या एका जागी लेखणी थांबे. तुझा भाऊ गेला, हे माझ्या हाताने आजवर कुठेही लिहिलेले नाही. तुझ्या सासरी कळवायचे पत्रसुद्धा शेजाऱ्यांनी लिहिले होते.

'चिंचेचे वावर' काढून त्या जागी पुढील नोंद घालावी. एकही शब्द बदलू नये.

मनोहरचे वावर. ओढ्याच्या पूर्वेस. पूर्वीचे नाव चिंचेचे. १९८३ च्या उन्हाळ्यात विहिरीवरील मोटारीच्या उघड्या तारेचा धक्का बसून मनोहर वामन वासनिक हा तरुण येथे मरण पावला. तेव्हापासून हे नाव. माहिती देणारी: शांताबाई, मृताची आई.

आता मुद्रकांनी 'विनिबंध' छापायला हरकत नाही. ही नोंद अजून तुझ्या आईला वाचून दाखवायची आहे; तिची नक्कल ठेवून घेतली आहे. पत्र पेटीत टाकून आलो, की दाखवीन.

तुझा आणि मनोहरचा बाप,
वामन