अर्धं दुकान

६ जानेवारी

आज बेकरीवाल्यानंही दार लावलं. "धंदा का बुडाला विचारायला येता? आणि मी बसून सांगायचं?" बरोबरच होतं त्याचं. मॅडमनी विषय दिला तेव्हा वर्गात केवढा भारी वाटला होता – छोटे व्यवसाय का बंद पडतात. आता रोज कुणाची तरी खपली काढायची आणि वर त्यांच्याकडचा चहाही प्यायचा.

माझी जोडीदारीण – तिला सगळे 'घाई'च म्हणतात – म्हणाली, "प्रश्नावल्या घरी बसून भरून टाकू गं. कोण तपासणार आहे?" नको म्हणाले. तत्त्व वगैरे काही नाही. खोटं रचायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

९ जानेवारी

चष्मेवाले काका मात्र आपणहून तयार झाले. दोघे भाऊ मिळून चष्म्याचं दुकान चालवायचे. काका गल्ल्यावर, धाकटा आतल्या खोलीत डोळे तपासायचा. आता दुकान बंद आहे. काका एका गोदामात हजेरी घेतात.

घर लख्ख. त्यांची म्हातारी आई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. काका दोन वाक्यांतच धाकट्यावर घसरले. "त्यानं मोठ्या दुकानात नोकरी धरली आणि माझं दुकान बसलं. डोळे तपासणाराच गेला, तर चष्मा कोण घेणार? लिहा तुम्ही हे." लिहिलं. नोकरी धरली तेव्हापासून धाकट्याला या घरात पाऊल ठेवायला बंदी.

आई मध्येच म्हणाली, "मुलगी झालीय म्हणे त्याला."

"आई, काम चाललंय."

निघताना मला हळूच म्हणाले, "कॉलेजच्या शिक्क्यानिशी येणार ना हे? एक प्रत मला द्या. आईला दाखवायचीय. तिला अजून वाटतं, मीच त्याला घालवलं."

१० जानेवारी

पाय दुखताहेत. बाकी काही नाही.

१६ जानेवारी

धाकट्याला गाठलं – त्याच्या नोकरीच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत. मागच्या दाराशी उभ्याउभ्याच बोलला. वाटलं होतं, दादाचे वाभाडे काढेल. छे. "दादा म्हणतो तेच लिहा. तेवढंच बरं वाटेल त्याला." मग डबा बंद करता करता – "आई गुडघ्याच्या गोळ्या घेते का वेळेवर? विसरते ती."

मला काय माहीत? पण काकांना विचारायला हवं होतं, असं दिवसभर उगाच वाटत राहिलं.

२१ जानेवारी

फोनवर रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून उतरवतेय. कान किटले. त्यात काकांचा आवाज, धाकट्यावर तोंडसुख घेऊन झाल्यावर, अगदी सहज: "गिऱ्हाईक रोडावलं तसं अर्धं दुकान त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिलं. धाकट्याला पटलं नव्हतं. आतली खोली गेली ना त्याची त्यात."

थांबवलं. मागं नेलं. पुन्हा ऐकलं.

म्हणजे आधी गिऱ्हाईक गेलं. मग खोली गेली. मग धाकटा. बसायला जागाच उरली नाही, तर तो करणार काय? काकांनी हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि त्यांना ते ऐकूच आलेलं नाही. मीही त्या दिवशी समोर बसून नुसती मान डोलावत होते.

घाई म्हणते, "तू काय वकील आहेस? 'भागीदारांतले वाद' या कारणाखाली टाक आणि मोकळी हो." मॅडम म्हणाल्या, "जे निघालंय ते लिही. पण त्यांना आधी जाऊन सांग. छापलेल्या कागदातून कळायला नको." त्यांचं काय जातंय. जायचंय मला.

२८ जानेवारी

गेले एकदाची. त्यांची आई आत झोपली होती, ते एक बरं. वाचून दाखवलं – लोक फोनवरून चष्मे मागवायला लागले, गिऱ्हाईक तुटलं, जागा भाड्यानं गेली, भाऊ त्यानंतर गेला.

"हे कुणी सांगितलं? त्यानं?"

"नाही काका. तुम्हीच."

ऐकवलं त्यांना. स्वतःचाच आवाज ते असे ऐकत होते, जसं काही शेजारच्या घरातलं भांडण कानावर पडतंय. मग टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "एवढी ओळ काढता येईल? त्याला वाईट ठरवा असं नाही म्हणत मी. नुसती ही ओळ नको."

खरं सांगायचं तर काढून टाकावीशी वाटली. इतकी दमले होते. कुणाचं काय बिघडणार होतं? पण ती प्रत त्या म्हातारीच्या हातात पडणार होती. म्हणाले, "ओळ नाही काढता येणार, काका. हवं तर तुमचं दुकानच वगळते."

"वगळा."

मी वही पिशवीत टाकली. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं त्याला शिव्या घालतोय मी." मला म्हणाले की स्वतःशी, कळलं नाही. दारापर्यंत सोडायला उठले नाहीत.

४ फेब्रुवारी

अहवाल दिला. चष्म्याचं दुकान त्यात नाही. मॅडमचा शेरा – 'मुद्देसूद'. घाईनं सगळ्यांना चहा पाजला, जणू लग्न ठरलंय. घरी आल्यावर आई म्हणाली, "तोंड का असं पाडलंयस? नापास झालीस का?"

पास झाले म्हटलं, आणि उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

९ फेब्रुवारी

काकांना फोन करावासा वाटतो रोज. करून बोलू काय? त्या रागाच्या आधारानं माणूस उभा होता. तो मी काढून घेतला आणि निघून आले, पुढचं पान लिहायला.

१३ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन होता. आधी आवाजच ओळखला नाही, इतका हलका. "आई आलीय माझ्याकडे. दादानंच आणून सोडलं. मी म्हटलं, आत ये. तर म्हणे, खाली गाडी थांबलीय. खिडकीतून बघितलं – गाडी कुठली! खाली उतरलो, तर दादा जिन्यात बसलेला. मग काय, मीही बसलो शेजारी."