पंचवीस दाणे

बुधवार, १८ जानेवारी १९६७. दुपारी २ वाजून १० मिनिटे.
जबलपूरच्या कचेरीच्या ओट्यावर बसून बाबांचा लोकसभेचा अर्ज तिसऱ्यांदा तपासला. चूक नाही. अनुसूचित जातीला अनामत अर्धी, बौद्धाला पूर्ण. कारकून म्हणाला, "टिकारामजी, पुरानी जात लिख दो, ढाई सौ में हो जाएगा।" बाबा म्हणाले, "बौद्ध लिखा है। वही रहेगा।" पाचशे भरले! आईच्या पाटल्या गेल्या. सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं पडली तरच पैसे परत.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी
वाचनालयात वाद. विष्णुपंत मास्तर म्हणाले, "प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणा, मतांच्या प्रमाणात खुर्च्या वाटा, की रोज एक सरकार पडेल!" मी उठलो. मी आठवी नापास. म्हणालो — आमची माणसं जबलपुरात थोडी, कटनीत थोडी, बालाघाटात थोडी. जास्त कुठंच नाहीत. देशभराची बेरीज धरा, दिल्लीत एखादी खुर्ची येईल. आज शून्य.
बाबा मागं उभे होते. वाटेत म्हणाले, "वस्तीतही सांग."

रविवार, ५ फेब्रुवारी
विहारासमोर सांगितलं. भाजीवाल्या चंपाबाईच्या टोपलीतले पनागरचे मटार घेतले. चाळीस दाणे एकाचे, पस्तीस दुसऱ्याचे, पंचवीस बाबांचे. "चाळीसवाला जिंकतो. बाकी साठ —" आणि फेकून दिले! इतकं स्वच्छ मी कधी बोललो नव्हतो.
चंपाबाई दाणे वेचत म्हणाली, "खायचा माल फेकून राहिला! मंग आपण पंचवीसात काहून राहाचं, भाऊ? पस्तीसवाल्याले द्या. साठ होतात ना!"
सगळे हसले. मीही हसलो.

गुरुवार, ९ फेब्रुवारी
सगळी वस्ती तोच हिशेब करून राहिली आहे! दारोदार फिरलो. मी कायदा बदला म्हणत होतो, मत नव्हे! चंपाबाई म्हणाली, "अच्छा, कायदा कधी बदलते? मत तं पुढच्या शनिवारी आहे."
पत्रक तिच्या हातात देऊन पुढच्या दारी गेलो.

शनिवार, १८ फेब्रुवारी
आम्ही तिघांनी मत दिलं; बाबांचं चिन्ह शिडी. आई म्हणाली, "शिडीवरच ठप्पा मारला." मीही तिथंच मारला. बाबा बोटावरची शाई पुसत राहिले.

बुधवार, २२ फेब्रुवारी
मोजणीला बाबांचा माणूस म्हणून मीच बसलो. आमच्या केंद्राची पेटी उघडली. मतं सहाशे बारा. शिडी — दोन.
पुन्हा मोजायला लावली. दोनच.
चाळीसवालाच निवडून आला. अनामत गेली.
घरात मतदार तीन.

गुरुवार, २३ फेब्रुवारी
बाबा आपणहून म्हणाले, "तुह्या हिशेबात मले खोट सापडली नाही, बापू."
खर्च: अनामत ५००, पत्रके ३८. देणे: चंपाबाईचे मटार, ४० पैसे.